बुलढाण्याची चौपाटी

बुलढाणा जिल्ह्याला चार किलोमीटर लांबीचा किनारा आहे आणि तो गोल आहे, हे विधान मी केलं ते केवळ साडूला गप्प करण्यासाठी. साडू हे नातं मुळात चढाओढीसाठीच निर्माण झालेलं आहे. एकाच सासऱ्याच्या घरी दोन पाट शेजारी मांडले की कोणाच्या वाटीत तूप जास्त पडलं याची नोंद दोघेही ठेवतात आणि ती मरेपर्यंत पुसत नाहीत. माझा साडू गुहागरचा. पन्नाशी उलटल्यावर त्याला पळण्याचा नाद लागला. रोज पहाटे तो किनाऱ्यावर पळतो आणि उजाडताच सासुरवाडीच्या ग्रुपवर फोटो टाकतो. समुद्र, सुरूची झाडं, ओली वाळू आणि त्या वाळूवर त्याच्या एकट्याच्या बुटांचे ठसे. खाली किलोमीटर, मिनिटं, हृदयाचे ठोके. बायको तो फोटो मला चहाच्या आधी दाखवते. माझ्या हृदयाचे ठोके तेवढ्यानंच वाढतात, त्यामुळे व्यायाम घरबसल्या होतो, हे मी तिला सांगून पाहिलं आहे.

दिवाळीला सगळे जमले तेव्हा साडूनं विषय काढलाच. पळावं तर किनाऱ्यावर. ओहोटी लागली की वाळू कशी घट्ट होते, गुडघे कसे कुरकुरत नाहीत, वारा कसा घाम टिपतो. मग माझ्याकडे वळून तो अत्यंत सहानुभूतीनं म्हणाला, "तुमच्याकडे बिचाऱ्यांना काय, डांबर आणि धूळ."

आमच्याकडे म्हणजे चिखलीला. नोकरीमुळे मी पुण्यात राहतो, पण अपमान करून घ्यायची वेळ आली की मी नेहमी चिखलीचाच असतो. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे हे वाक्य आम्ही शाळेत घोकलं होतं, पण त्या लाभार्थ्यांच्या यादीत आमचा जिल्हा नव्हता. समुद्र साडेतीनशे किलोमीटरवर.

"किनारा आमच्याकडेही आहे," मी म्हणालो. "लोणारला. तुमचं पाणी नुसतं खारट. आमचं खारट आणि वर क्षारट. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, जगभर फोटो गेले. तुमचा अरबी समुद्र कधी गुलाबी झाला का?"

"रोज संध्याकाळी होतो," साडू म्हणाला.

यावर मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी आमंत्रण दिलं. नाताळच्या सुट्टीत चिखलीला या, लोणारच्या किनाऱ्यावर दोघं पळू. मेहुणी टाळी वाजवून म्हणाली, "भावोजी, तुम्ही पळणार?" त्या प्रश्नात तिनं 'तुम्ही'वर दिलेला जोर मला अजून ऐकू येतो.

बूट मी पुण्यात घेतले. दुकानातल्या मुलानं मला एका पट्ट्यावर चालवलं, मागून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की तुमचं पाऊल आतल्या बाजूला कलतं. पन्नास वर्षं या पायांनी ही गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवली होती. पाऊल बाहेर कलवणारे बूट माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग पडले. रंग पोपटी, कारण त्या मापात दुसरा नव्हता.

लोणार ऐन वेळी फिसकटलं तर हाताशी असावेत म्हणून जिल्ह्यातले पळण्याजोगे इतर रस्तेही मी मनात मांडून पाहिले. राजूर घाट सगळ्यांत देखणा. मोताळ्याकडून बुलढाण्याला चढताना अजिंठ्याच्या डोंगररांगेची घडी उलगडत जाते, पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात. पण तो चढ आहे. उलट दिशेनं पळालं तर उतार लागतो हे खरं, पण मग माणूस खाली उरतो आणि सामान वर. ज्ञानगंगा अभयारण्यातला बोथ्याकडचा रस्ता चांगला सावलीचा. तिथं २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ, तेलंगणात डोकावून, हजारावर किलोमीटर चालून मुक्कामाला आला होता. गळ्यात कॉलर असल्यामुळे त्याची वाट नकाशावर उमटत गेली. एवढी तंगडतोड वाघीण शोधण्यासाठी, असं जाणकारांचं म्हणणं. साडूच्या घड्याळासमोर या वाघाचे आकडे ठेवावेत असं फार मनात आलं, पण वाघ स्वतः फोटो टाकत नव्हता, त्यामुळे त्याची बाजू लंगडी पडली असती. सिंदखेडराजा आणि मेहकरजवळून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. अगदी सपाट, पण त्यावर पायी माणसाला मज्जाव. आमच्या बैलगाड्या तो पुलाखालून पाहतात.

खाऱ्या पाण्याचीच अट असेल तर घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि आमचा जिल्हा मिळून पसरलेला. जमीन काळी, सपाट, नजर पोचेल तिथवर पळावं अशी. पण संग्रामपूर, जळगाव जामोदकडे कित्येक विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही आणि वर्षानुवर्षं तेच पिऊन मूत्रपिंडं गेलेली माणसं गावोगाव आहेत. एका घरी मी बसलो होतो तेव्हा यजमानीणबाईंनी पाहुण्यासाठी विकतच्या कॅनमधलं पाणी आणलं आणि स्वतः माठातलं प्यायल्या. त्या रस्त्यावरून मी पोपटी बूट घालून पळणार नव्हतो. साडूला त्या भागाचं नावही सांगितलं नाही.

साडू आला तो सरंजाम घेऊन. कपाळाला बांधायचा दिवा, कमरेला पाण्याच्या बाटल्यांचा पट्टा, मिठाच्या गोळ्या. खाऱ्या पाण्याच्या गावाला निघालेला माणूस मिठाच्या गोळ्या बांधून घेतो हे आमच्या मोठ्या काकूंना फार गमतीचं वाटलं. जेवायला कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा होता. "किनाऱ्यावर आलोय आणि ताटात मासा नाही," साडूनं चिमटा काढला. काकूंनी आयुष्यात एकदाच समुद्र पाहिलाय, मुंबईला, नातवाच्या बारशाला गेल्या तेव्हा. त्यावर त्यांचा अभिप्राय "एवढं पाणी आन् भरायला एक बाई नाही" इतकाच होता. त्यांनी साडूच्या ताटात आणखी ठेचा वाढला आणि म्हणाल्या, "मासा नाही पाव्हणे, पर झणका तर हाये." साडूनं रात्री उठून मिठाच्या गोळ्यांऐवजी साखर खाल्ली.

पहाटे साडेचारला निघालो. दोघी बहिणी मागच्या सीटवर शालीत गुरफटून झोपल्या. मेहकर गेलं. तिथला शारंगधर बालाजी फार सुंदर आहे, काळ्या पाषाणाचा, पण त्याचीही काकडआरती व्हायची होती. लोणारच्या रस्त्याला लागलो तर अंधारात रस्त्याच्या कडेनं माणसं पळत होती. एक, मग तिघं, मग दहाबाराचा घोळका. थंडीत नुसत्या बनियनवर. काही मुलं मैलाच्या दगडावर पाय टेकवून पोटऱ्या ताणत होती.

साडूला रात्रीच्या ठेच्याचं उट्टं काढायचं होतं. त्यानं गाडी हळू केली, काच खाली घेतली आणि माझ्याकडे डोळा मारत एका मुलाला विचारलं, "काय रे बाळा, इथं भरतीची वेळ काय?"

मुलगा धावतच गाडीशेजारी आला. "अजून काही नक्की नाही काका. जागा निघतीन म्हंतेत. तुम्ही पोलीसचं विचारून ऱ्हायले का वनरक्षकचं?"

साडूनं काच वर घेतली.

पुढं गेल्यावर एक मोटरसायकल दिसली, अगदी हळू चाललेली, आणि तिच्या दिव्याच्या झोतात एक मुलगी पळत होती. पुढचा तेवढाच रस्ता उजेडात, बाकी सगळा काळोख, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं. कडुनिंबाजवळ ती थांबली, वाकली, गुडघ्यांवर हात टेकले. मोटरसायकलवरच्या माणसानं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. आम्ही थांबलो.

"पोरगी हाये माही," तो म्हणाला. "आठशे मारते. अजून पाच सेकंद काढा लागतेत, मंग आउट ऑफ."

पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. आउट ऑफ म्हणजे पैकीच्या पैकी गुण, त्याखाली या पोरांना काहीच दिसत नाही. आठशे मीटर त्यानं मोटरसायकलच्या आकड्यावर मोजले होते, त्या पुलापासून या कडुनिंबापर्यंत. गोळा घरी होता, चार किलोचा, तो दुपारी शेतात फेकायचा. सोयाबीनचं मी विचारलं तर त्यानं नुसता हात हलवला. मोटरसायकल मागून चालवतो ती फक्त उजेडासाठी नाही, मागून येणाऱ्या ट्रकला आधी आपण दिसावं म्हणून, हे त्यानं फार साध्या आवाजात सांगितलं. त्याच्या मागच्या दिव्याला लाल कापड गुंडाळलेलं होतं.

साडूला राहवेना. तो उतरून त्या मुलीला पावलांची लय, श्वासाचं गणित, टाच आधी की चवडा आधी हे समजावू लागला. माणूस जाणकार आहे, ते मी नाकारत नाही. मुलगी धापा टाकत आदरानं ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला दोन पावलं आत घेतलं. मागून उसाची ट्रॉली घासून गेली. "काका, या बाजूनं येतेत," ती म्हणाली. मग वळून तिनं बापाला विचारलं, "आण्णा, आजून एक मारू का?" मोटरसायकल पुन्हा पुलाकडे गेली. साडू गाडीत बसला तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही हा काही माझा विजय धरला नाही.

लोणारला पोचलो तेव्हा पूर्वेला तांबडं फुटत होतं. काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा माणसाचा आवाज बसतो, हे साडूच्या बाबतीतही खरं ठरलं. साडेसहा कोटी वर्षांच्या लाव्हाच्या खडकात उल्का येऊन आदळली आणि १.८ किलोमीटर व्यासाचा हा वाडगा झाला. बेसॉल्टमध्ये असं ठळक विवर पृथ्वीवर फार क्वचित सापडतं, त्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारे इथं येऊन दगड गोळा करतात. कधी आदळली याबद्दल आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास म्हणत, नंतर आर्गॉनच्या पद्धतीनं मोजलं तर आकडा पाच लाख सत्तर हजारांच्या घरात गेला. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हा खड्डा वेगळा आहे म्हणून नोंद केली. त्याआधी आइन-ए-अकबरीत इथल्या क्षारांपासून साबण आणि काच होते हे लिहून ठेवलंय. पुराणाच्या मते इथं लवणासुर खड्ड्यात लपून राहायचा आणि विष्णूनं वरचं झाकण पायाच्या अंगठ्यानं उडवलं. मला तिन्हींपैकी अंगठ्याचं म्हणणं जास्त पटतं, कारण पुढच्या तासाभरात माझ्याही पायाला इथं काय काय करावं लागलं!

दोघी बहिणी दैत्यसूदनाचं देऊळ पाहायला गावात गेल्या. आम्ही धारेच्या झऱ्याकडून उतरायला निघालो. अभयारण्याच्या फाटकावरच्या रखवालदारानं आमच्या कपड्यांकडे, विशेषतः पोपटी बुटांकडे, पाहिलं.

"पळायला आलो," साडू म्हणाला.

"पळा," तो म्हणाला. "फक्त बिबट्या दिसला तर पळू नका."

"मग काय करायचं?"

"उभं राहायचं."

उभं राहण्याचा व्यायाम मला जमण्यातला होता, त्यामुळे मी मोठ्या उमेदीनं पायऱ्या उतरलो. साडू पुढे उड्या मारत गेला. खाली पोचलो तर झाडी दाट, मोर ओरडत होते, हवेत सडलेल्या अंड्यांचा सूक्ष्म दर्प आणि मधोमध हिरव्या पाण्याचा निश्चल गोल. लाटा नाहीत, नावा नाहीत, भेळेच्या गाड्या नाहीत. साडूनं नाक चोळलं, घड्याळाचं बटण दाबलं आणि निघाला.

लोणारच्या किनाऱ्याची एक सोय कोकणात नाही. इथं जागोजाग देवळं आहेत, हेमाडपंती, पडकी, वडापिंपळांनी मिठीत घेतलेली. मी श्रद्धेच्या बाबतीत तसा कोरडा माणूस. पण त्या सकाळी लागेल त्या महादेवापुढे थांबलो, हात जोडले, डोळे मिटले आणि श्वास ठिकाणावर येईपर्यंत मिटलेलेच ठेवले. साडू पुढे जाऊन वाट पाहायचा, जागच्या जागी उड्या मारत. पुढच्या देवळाशी मी प्रदक्षिणाही घातली. "तुम्ही एवढे धार्मिक असाल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. मी बोटानं गप्प राहायची खूण केली. बोलण्याइतकी हवा छातीत नव्हतीच.

अनर्थ झाला तो काठावरच्या कमळजा देवीच्या देवळाच्या अलीकडे. गेल्या काही वर्षांत सरोवराचं पाणी चढलंय, त्यामुळे काठाकाठानं जाणारी जुनी पायवाट मधेच पाण्यात शिरत होती. डाव्या हाताला वेडी बाभूळ, काट्यांची भिंतच. उजव्या हाताला मात्र पाणी मागे हटून उघडा पडलेला एक करडा पट्टा होता. सपाट, स्वच्छ, वर पांढरी कुरकुरीत झाक.

साडूचे डोळे चमकले. "ही बघा ओहोटीची वाळू. एकदम कडक. आमच्याकडे अशा वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती होतात."

"ही वाळू नाही," मी म्हणालो.

"किनारा तुमचा असेल, पण किनाऱ्यावर चालणं मला शिकवू नका," असं म्हणून गुहागरच्या त्या सुपुत्रानं पट्ट्यावर पाय टाकला. चारपाच पावलं तो खरोखर पळाला. छान पळाला. मग भाजलेला पापड मोडावा तसा आवाज झाला आणि साडू पोटरीपर्यंत खाली गेला. दुसरा पाय सोडवायला त्यानं जोर लावला तेव्हा पहिला गुडघ्यापर्यंत उतरला. पांढरी झाक फक्त बोटभर होती. तिच्याखाली काळा, मऊ, थंड गाळ होता आणि तळाच्या सगळ्या दर्पाचा साठा त्यानं आत राखून ठेवला होता.

"हात द्या," साडू म्हणाला.

पळण्याच्या स्पर्धेत मी पहिल्यांदाच पुढे होतो, म्हणजे उभा होतो. ती स्थिती जरा उपभोगावी असं मनात आलं. पण मेहुणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी पट्ट्यावर गेलो. दुकानदारानं माझं पाऊल कुठे कलतं ते सांगितलं होतं, पण ते कितपत खोल जातं ते सांगितलं नव्हतं. साडूचा हात हातात आला तेव्हा मीही घोट्यापर्यंत होतो. ओढलं तर तो आला नाही, मी बसलो. त्या गाळात बसल्यावर जो आवाज होतो तो इथं लिहिण्याजोगा नाही. डावा पाय बाहेर आला. बूट आत राहिला.

नेमकं तेव्हा साडूचं घड्याळ थरथरलं. हालचाल थांबल्याचं त्याच्या लक्षात आलं होतं आणि आता व्यायाम संपवू का, असं ते विचारत होतं. साडूनं गाळानं माखलेल्या बोटानं 'नाही' दाबायचा प्रयत्न केला, पण पडद्याला बोट ओळखू येईना. समोरच्या झाडावर वानरांचं एक कुटुंब येऊन बसलं. त्यातल्या म्हाताऱ्या हुप्प्यानं मांडी बदलली. त्याला घाई नव्हती.

"बिबट्या आला तर?" साडूनं विचारलं.

"उभं राहायचं," मी म्हणालो.

आवाज ऐकून बाभळी तोडणाऱ्या मजूर बाया आल्या. वेडी बाभूळ परदेशातून आली आणि इथल्या झाडांना बसायला जागा ठेवेना म्हणून ती काढायची कामं इथं निघतात. बायांच्या हातात कोयते, डोक्याला फडकी. आम्हाला पाहून सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं पहिल्यांदा पदर तोंडाला लावला. वासामुळे की हसण्यामुळे ते कळलं नाही. मग ती ओरडली, "हालू नोका बाप्पा! आडवे व्हा, आडवे!"

"काय म्हणते ती?" साडू.

"आडवे पडा म्हणते."

"यात?"

"यातच."

गुडघाभर गाळातून सुटायचं तर अंगाचं वजन पसरावं लागतं. ती बाई बरोबर सांगत होती. साडू दोन क्षण आभाळाकडे पाहत राहिला, मग पिवळ्या झगझगीत शर्टानिशी पोटावर आडवा झाला. त्याच वेळी कमळजेच्या दर्शनाला निघालेलं एक जोडपं वळणावर आलं. त्यांना पुढचं काही दिसलं नव्हतं. गाळातून देवीला लोटांगण घालत निघालेला नवसाचा माणूस पाहून नवऱ्यानं हात जोडले, बायकोनं पिशवीतून उदबत्त्या काढल्या. मी बसल्या जागेवरून शक्य तितका शुचिर्भूत चेहरा केला.

बायांनी तोडलेल्या फांद्या पट्ट्यावर अंथरल्या, आम्हाला धरायला. फांद्या अर्थातच बाभळीच्या. इकडे आड तिकडे विहीर असं म्हणण्यात अर्थ नव्हता, आड आमच्या खाली होता आणि विहिरीला काटे होते. साडूनं काटे पत्करले. चौघींनी मिळून ओढलं आणि तो आला, सलग, दोन्ही बुटांवाचून. एक बूट कोयत्याच्या टोकानं निघाला, दुसरा लवणासुरानं ठेवून घेतला. माझ्या बुटासाठी म्हातारी स्वतः फांद्यांवर पालथी झाली, खांद्यापर्यंत हात घातला आणि तो वर काढून दोन्ही बाजूंनी पाहिला. "केवढ्याचा?" तिनं विचारलं. मी निम्मी किंमत सांगितली. ती ऐकूनही तिनं बूट पुन्हा गाळात टाकावा की काय असा विचार केला असावा. माझ्या तोंडून तिची रोजची मजुरी किती असा प्रश्न निघणार होता. तो मी गिळला. पैसे द्यायला गेलो तर म्हणाली, "देवीले घाला," आणि बाया पुन्हा कामाला लागल्या.

परत चढताना मात्र मला राग आला. साडूचा नाही, त्याच्याकडे राग धरण्याजोगं काही उरलं नव्हतं. जगात मोलाची म्हणून २०२० मध्ये रामसर यादीत गेलेली ही पाणथळ जागा, आणि पायरीपायरीवर वेफर्सची पाकिटं, प्रसादाच्या पिशव्या, दारूच्या बाटल्या. गावाचं सांडपाणी सरोवरात येतं ही तक्रार मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. लाखो वर्षांच्या पाण्यात आमची मोरी! चढ असा की संताप व्यक्त करायलाही थांबावं लागत होतं. एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा. साडू अनवाणी, पुढे नव्हता, मागे होता. आमच्या शेजारून त्या मजूर बायांपैकी एक डोक्यावर फाट्यांची मोळी घेऊन चढून गेली. तिनं मागे वळून विचारलं, "थकले का?"

धारेला गोमुखातून गोडं पाणी बारमाही पडतं. यात्रेकरू तिथं आंघोळ करतात. आमच्यासाठी त्यांनी आपण होऊन जागा केली, अगदी लांबपर्यंत. अंगावरचा गाळ धुताना हात बुळबुळीत होत होते. क्षाराचा आकडा दहाच्या पुढे असलेल्या पाण्याचा तो चिखल, आइन-ए-अकबरीतला साबण म्हणतात तो आम्ही अंगाला लावून पाहिला. साडूची नखं पुढे आठवडाभर लखलखत होती.

दोघी बहिणी कचोरी खाऊन, देऊळ पाहून, बाजारातून बांगड्या घेऊन टवटवीत उभ्या होत्या. गाभाऱ्यातला विष्णू लवणासुराच्या अंगावर कसा उभा आहे ते मेहुणी वर्णन करून सांगत होती. बोलता बोलता तिची नजर नवऱ्याच्या पायांकडे गेली. "अहो, बूट?" साडू म्हणाला, "दान केले." दुपारी ग्रुपवर त्याचा फोटो आला. काठावरून काढलेला, सरोवराचा अख्खा गोल, वर निळं आभाळ. खाली अंतर चार किलोमीटर, वेळ तीन तासांच्या घरात. सासऱ्यांनी अंगठा दाखवला आणि विचारलं, वाटेत देवदर्शन केलंत का. बायकोनं तो फोटो मला दाखवला नाही, मी तिला दाखवला.

चिखलीला आल्यावर मी बूट ओट्यावर उन्हात ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यावर पांढरी पापडी धरली. मोठ्या काकू अंगणातून जाताना थांबल्या, बूट उचलला, तळव्यावरची पापडी नखानं खरवडून चिमटीत चोळली, वास घेतला.

"लोणारचा ना?" त्या म्हणाल्या. "पयले उडदाच्या पापडाले तिथलाच खार येत होता आपल्या घरी. चांगला फुलते पापड त्यानं."

साडू शेजारीच खुर्चीत बसला होता, पायांना खोबरेल तेल लावत. रात्री जेवायला बसलो तेव्हा त्याच्या ताटात उडदाचा पापड वाढलेला होता, चांगला फुललेला. त्यानं तो भाकरीच्या आड सरकवला. "का हो, पापड नको?" मेहुणीनं विचारलं. तो पोट भरल्याचं काहीतरी पुटपुटला. काकूंना वाटलं पाव्हणे संकोच करतात, म्हणून त्यांनी आणखी दोन वाढले.